उलटा चिमटा

३ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी मुळात औषध कंपनीच्या माणसाने डॉक्टरांना दिलेली. डॉक्टरांनी ती सिस्टरला दिली, सिस्टरने आमच्या चादरींच्या खोलीत टाकली आणि इस्त्रीने माझ्या पिशवीत कोंबली. इस्त्री म्हणजे हॉस्पिटलात माझ्या शेजारच्या टेबलावर घड्या घालते ती. जीभ कायम तापलेली म्हणून हे नाव. तिला ते ठाऊक आहे आणि आवडतंही. म्हणाली, "घरात बोलायला कोणी नसलं की माणसाने लिहावं." मी म्हटलं, माझ्या घरी नवरा आहे की! तर म्हणते, "तेच म्हणतेय मी."

आज नोटीस लागली. पुढच्या महिन्यापासून चादरींची खोली पुलापलीकडच्या नव्या इमारतीत जाणार आणि पाळी सकाळी सहाची. तिकडची पहिली बसच मुळी सहानंतर सुटते. साहेबांना विचारलं, तर "ज्याचं त्याने बघावं" म्हणाले. ठीक आहे, बघते.

आता घरचं. हे खिडकीत बसलेत. डोळ्यांचा रिपोर्ट आला, ह्यांच्या हातातून बस काढून घेतली, त्या दिवसापासून हे आमचा जिना उतरलेले नाहीत. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीला फोनवर ठोकून देते, बाबा रोज फिरायला जातात म्हणून. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे नजर मधोमध जाते, काठाकाठाने राहते. पुलापलीकडे एक वर्ग आहे, तिथे कमी दिसणाऱ्यांना बाहेर वावरायला आणि हाताला काम करायला शिकवतात. वर्षातून एकदाच भरतो. यंदा ७ एप्रिलला सुरू, रोज दुपारी तीनला. डॉक्टरांनी नाव घालून ठेवलंय. हे म्हणतात, "मी जन्मभर त्या रस्त्याने लोकांना नेलं. आता मला कोणी धरून नेणार? पुढे बघू."

पुढे काय बघणार? एप्रिलमध्ये गेले नाहीत तर हे त्या खिडकीतच म्हातारे होणार. मला भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं. आता चहा टाकते.

५ फेब्रुवारी, बुधवार

गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे माझी माहेरची सायकल आहे! आज चादर झटकताना एकदम आठवलं. लग्नात बरोबर आणली होती. लेक पोटात होती तेव्हा सासूबाईंनी कुलपाची किल्ली काढून घेतली, ती त्यांच्याबरोबरच वर गेली. नंतर नवरा बसचालक, घरात फुकटचा पास, मग सायकल कशाला हवी?

वर जाऊन पाहिली. अंगावर जुनी गादी, त्यावर फुटकी बादली, बादलीत मांजर. मांजराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच अतिक्रमण केलंय.

८ फेब्रुवारी, शनिवार

आणली खाली. तळमजल्यावरचे मास्तर जिन्यात भेटले, पेन्शनीत गेले तरी तपासनीसपणा सुटलेला नाही. म्हणाले, "भंगारवाला उद्या येतो. आजच का काढलंत?" मी म्हटलं, "मास्तर, ही चालवायची आहे." ते हसले नाहीत. हसले असते तर परवडलं असतं.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे ढकलत नेली. त्याने कुलूप कापलं, चाकं फिरवली आणि हात पुसत म्हणाला, "बाई, ह्यात सायकल आठवणीपुरतीच उरलीय. नवी घ्या." मी म्हटलं, नवी घ्यायची ऐपत असती तर तुझं तोंड कशाला बघितलं असतं? शेवटी ठरलं. त्याच्या भंगाराच्या ढिगातून जे जुळेल ते मी उचलायचं आणि बदल्यात आमच्याकडच्या बाद चादरींच्या चिंध्या त्याला द्यायच्या. चिंध्या आम्हाला नेऊ देतात, आणि त्याला हात पुसायला रोज लागतात. मजुरी नको म्हणून जोडणार मीच. तो म्हणाला, "जोडाल, पण चालेल का?" त्याला दाखवतेच.

९ फेब्रुवारी, रविवार

गॅलरीत सायकल उलटी उभी केलीय, सीट आणि हँडल खाली, चाकं वर. अशी केली की दोन्ही हात मोकळे राहतात. चेन रॉकेलमध्ये बुडवली. ह्यांनी आतूनच विचारलं, "कसला वास?" मी म्हटलं, "सायकलचा." "कोणाची?" "माझी." मग म्हणाले, "वय काय तुझं!" मी म्हटलं, तुमच्याहून चारने कमी, लग्नातच मोजून घेतलं होतंत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गंज काढून काढून बोटं सोलली. इस्त्री म्हणते, "नवऱ्याला एवढं घासलं असतंस तर तोही चकाकला असता." हिला काय सांगू! माणसाला नाही घासता येत, त्याला दुखतं.

हे आता दुपारी खुर्ची गॅलरीत आणून बसतात. नेमकी माझ्या पान्यांच्या वाटेत. उठा म्हटलं तर म्हणतात, "ऊन चांगलं आहे." गॅलरीत दुपारी ऊन नसतंच.

१६ फेब्रुवारी, रविवार

मागचं चाक झालं. ट्यूब तिसऱ्याच कुठल्या सायकलची आहे, ठिगळं एवढी की मूळ ट्यूब कुठली ते विचारू नये. ब्रेकचे रबर मिळाले. कॅरिअर मात्र माझंच, जुनं, दणकट. लेक लहान असताना... नाही, तेव्हा सायकल बंदच होती. लेकीला आठवायची ती बाबांची बस. आमच्या घरात बसचा नियम चालायचा, कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे निघा. हे सकाळी चहावर रेंगाळले की ती ताटलीवर चमच्याने दोनदा वाजवायची, आणि हे खरंच ताडकन उठून निघायचे. रिपोर्ट आल्यापासून या घरात कोणी दोनदा वाजवलेलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज मोठं काम उरकलं. हँडलखालचे छर्रे बदलायचे म्हणून पुढचं चाक धरणारा चिमटा मी पूर्ण बाहेर काढला होता. ग्रीस भरून तो परत बसवला. सायकल उलटी, त्यामुळे वरचं खाली, पुढचं मागे. पण माझं डोकं शाबूत. चिमट्याचे दोन्ही पाय टोकाशी जरा वाकलेले दिसले. इतकी वर्षं गादीखाली पडून वाकले असणार, बिचारे. मी वाक आत घेऊन बसवला, चादरीचा काठ आत दुमडतो तसा. बाहेर आलेला काठ मला बघवत नाही, सवयच तशी. दिसायला नेटकं झालं. पुढचा ब्रेक तेवढा चिमट्याच्या मागच्या अंगाला आला, तार जरा वळसा देऊन आणावी लागली. पण लागतो.

सरळ उभी केली. आहाहा! सायकल दिसायला लागली.

२३ फेब्रुवारी, रविवार

शिकलेली सायकल विसरत नाही म्हणतात. झूठ आहे सगळं.

सकाळी मागच्या मैदानावर नेली. बसले, पॅडल मारलं आणि हँडल दारू प्यायल्यासारखं डुलायला लागलं. डावीकडे वळवावं तर ते पुरतंच डावीकडे कोसळतं. वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतं. पूर्वी असं कधीच होत नव्हतं. म्हणजे माझे पाय लांब झाले की काय? या वयात माणूस आडवा वाढतो असं ऐकलं होतं.

तोल गेला माझा, दुसरं काय. पन्नाशी उलटली की कानातलं पाणी बिघडतं असं कुठेतरी वाचलंय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पडले. गुडघा फुटला, कोपर खरचटलं. पोराबाळांसमोर पडले असते तर निदान कोणी टाळ्या तरी वाजवल्या असत्या. पाळी सोमवारपासून बदलते. अशा सायकलवर पूल ओलांडायचा म्हणजे नदीलाच भेटायचं.

घरी येऊन सायकल गॅलरीच्या भिंतीला टेकवली आणि गुडघा धुवायला बसले. हे खुर्चीतच होते. मान एका बाजूला वळवून, तोंड दाराकडे करून सायकलकडे पाहत होते. म्हणजे पाहत नव्हते, तोंड दाराकडे होतं. आणि म्हणतात कसे, "चिमटा उलटा बसवलायस."

माझा गुडघा ठणकत होता. मी म्हणाले, "तुम्हाला दिसतं कुठे?"

तोंडातून निघून गेलं. ह्यांनी खुर्ची उचलली, आत नेऊन खिडकीपाशी ठेवली आणि पाठ करून बसले. मला माझ्याच जिभेला चिमटा लावावासा वाटला. पण माफी मागायला उठले नाही. नाचता येईना अंगण वाकडे, तसं मी नवऱ्याचे डोळे वाकडे केले. आणि हे कळत असूनही उठले नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

काम सुटल्यावर सायकल तशीच ढकलत सायकलवाल्याकडे नेली. म्हटलं, बघ रे बाबा, माझा तोल का जातो? त्याने लांबूनच पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवून असा हसला, असा हसला, की शेजारचा चहावाला बघायला आला. मग चहावाल्यालाही हसू फुटलं. "बाई, चिमटा उलटाय! वाक पुढे पाहिजे. तो वाकलेला नसतो, तसाच बनवतात!"

पाच मिनिटांत फिरवून दिला. ब्रेक पुढे आला, तार सरळ झाली. मी तिथूनच बसून घरी आले. लोण्यातून सुरी फिरावी तशी आली हो! वळली, सरळ चालली, पाय कुठेही लागला नाही. माझा तोल माझ्यापाशीच होता. रस्त्यात मोठ्याने हसले, एकटीच. एक बाई बाजूला झाली.

वर आले. हे खिडकीत. मी म्हणाले, "उलटाच होता."

हे म्हणाले, "हं."

मी म्हणाले, "काल मी फार वाईट बोलले. चुकलं माझं."

मग हे म्हणाले, "ब्रेक पुढे आला का आता?" मी हो म्हटलं. म्हणाले, "समोर बघितलं की मधे नुसता धुरकट डाग असतो. मान वळवली की बाजूने आकार कळतो. सायकलचा आकार चुकलेला होता."

डॉक्टर तेच सांगत होते, मधलं जातं, काठ राहतो. मी ते ऐकलं होतं, पण ऐकून पिशवीत टाकलं होतं. डॉक्टर बोलत होते ह्यांच्या डोळ्यांबद्दल आणि मी मनात ह्यांना आंधळं करून मोकळी झाले होते. रडू आलं. भाजी चिरत होते म्हणून खपून गेलं.

३ मार्च, सोमवार

गेले! पूल ओलांडून वेळेआधी पोचले. काल ह्यांनी रस्ता सांगितला होता. "पुलाचा चढ दिसत नाही, पण आहे. दुसऱ्या खांबापासूनच जोर लाव, मधे पोचून लावलास तर दम जाईल." म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकतायत. पण दुसऱ्या खांबापासून जोर लावला आणि खरंच न उतरता चढले. वारा तोंडावर, खाली नदी काळी, आणि मी एकटी. भीती वाटली आणि मजाही वाटली. दोन्ही एकदम वाटायला किती वर्षं झाली!

इस्त्रीला तिचा भाऊ स्कूटरवर सोडतो. मला बघून म्हणाली, "आली बाई सर्कस."

१० मार्च, सोमवार

सायकल आता खाली जिन्याखाली ठेवते. रोज दोन मजले चढवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पहाटेची पाळी म्हणून दुपारी आल्यावर मी तासभर झोपते, उठले की हे सगळं विचारतात. कुठला खड्डा बुजवला, सिग्नलवर कोण उभं होतं, नव्या वळणावर बस कशी घेतात. सांगते. ऐकताना चेहरा बरा असतो. पण "चला ना, खाली तरी चला" म्हटलं की पडदा पडतो. परवा म्हणाले, "सगळे ओळखतात मला त्या रस्त्याला. बसमध्ये चढलो की चालक उठून हात धरेल, जागा देईल. नको मला ती जागा."

एक मात्र नवल. ती ठिगळांची ट्यूब! अजून एकदाही हवा भरावी लागली नाही. रोज सकाळी टायर दगडासारखा. सायकलवाल्याला सांगितलं तर तो म्हणे, अशक्य. मी म्हटलं, तुझ्याच ढिगातली आहे, अभिमान बाळग.

१४ मार्च, शुक्रवार

मास्तरांचं लोखंडी कपाट जिन्यातून नेताना हमालांच्या हातून निसटलं आणि खालून तिसऱ्या पायरीचा काठ फुटला. चांगला हातभर तुकडा गेला. काळोखात कोणीतरी पडणार. मास्तर म्हणतात, सोसायटी बघेल. सोसायटी म्हणजे कोण, तर मास्तरच.

१९ मार्च, बुधवार

आज मास्तरांशी कडाक्याचं भांडण. जिन्याच्या कठड्याला काळे तेलकट हात, अगदी वरपर्यंत! मी परवाच पुसून काढले, आज पुन्हा. कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल घालतात आणि हात कठड्याला पुसतात, दुसरं काय? मास्तर म्हणाले, "मी दुसऱ्या मजल्यावर कशाला येऊ हात पुसायला?" मी म्हटलं, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. हे आत बसून सगळं ऐकत होते. मध्ये पडायचं नाव नाही. उलट खोकल्याची उबळ आली ह्यांना, बराच वेळ तोंडावर हात धरून खोकत होते.

२१ मार्च, शुक्रवार

हँडलवरची घंटी गेली! कोणीतरी स्क्रू नीट काढून नेली आहे. पिळून तोडली नाही, म्हणजे चोर सावकाशीने बसला होता. घंटी नेली आणि जाता जाता सीट बोटभर वर करून गेला. आता गुडघा कमी दुखतो हे खरं, पण म्हणून काय चोराचे आभार मानू? मास्तरांकडे संशयाने पाहिलं. त्यांनी माझ्याकडे तसंच पाहिलं.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तोंडाने ओरड. तुला काय घंटी लागते?" चेष्टा केली ह्यांनी. रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदा. चोरीचं दुःख तिथेच संपलं.

२४ मार्च, सोमवार

लेकीचा फोन. "बाबा वर्गाला जाणार ना?" मी म्हटलं, बाबांनाच विचार. फोन ह्यांच्या हातात दिला. हे म्हणाले, "आई सायकल छान चालवते हं." विचारलं काय, सांगतायत काय! फोन ठेवल्यावर मी विचारलं, "जायचं की नाही? दोन आठवडे राहिले." तर म्हणाले, "कसं जायचं ते मी बघतो. मागे लागू नकोस."

मी मागे लागू नको तर कोण लागणार? फार थकलेय मी. रोज पूल ओलांडते, सगळे शाबास म्हणतात, आणि घरी येऊन त्याच खिडकीत तीच पाठ. वाटतं, मी सायकल दुरुस्त केली ती ह्यांच्यापासून लांब जायला की काय? असं वाटलं की स्वतःचा राग येतो. पण वाटतं, हे खरं.

दारातल्या ह्यांच्या चपलांना धूळ लागली होती. इतके दिवस पडून आहेत, लागणारच. झटकून ठेवल्या.

३१ मार्च, सोमवार

नवीन दुखणं. सायकलच्या मागून आवाज येतो, कडकड-कडकड. मी चालवतानाच येतो. उतरून ढकलली की बंद. सायकलवाल्याने चाक फिरवलं, चेन पाहिली, त्याला एकदाही ऐकू आला नाही. "बाई, तुमच्या कानात असेल." आधी तोल माझा, आता कानही माझे!

ह्यांना सांगितलं. ह्यांनी डोळे मिटून नीट विचारलं, चढावर येतो की उतारावर, वळताना वाढतो का? मग म्हणाले, "गाडीत आवाज आला की आम्ही मेकॅनिकला मागे बसवायचो. चालवणाऱ्याला पुढून कधीच कळत नाही. मागे कोणीतरी बसून ऐकलं पाहिजे."

मी म्हटलं, "इस्त्रीला बसवते."

"तिला काय कळतंय?"

"मग मास्तरांना?"

"काहीतरीच!" चिडलेच एकदम. मग स्वतःच पुटपुटले, "रविवारी रस्ता मोकळा असतो." असेल. मला काय त्याचं?

६ एप्रिल, रविवार

काय काय लिहू? घाईत लिहितेय, अक्षर वाचवणार नाही मलाच.

सकाळी उठले तर हे दाढी करून, शर्ट खोचून तयार. काखेत ती उशी. बसवर चालकाच्या सीटवर ठेवायचे ती, कडेला शिवण उसवलेली, कपाटाच्या तळाशी होती. मी म्हटलं, "हे काय?" म्हणाले, "कॅरिअर टोचतं. आवाज ऐकायचा आहे ना?"

मी हात पुढे केला. हे म्हणाले, "कठडा आहे." आणि उतरायला लागले. मी मागे, श्वास धरून. सावकाश उतरत होते, पण चाचपडत नव्हते. तळाशी आले आणि खालून तिसऱ्या पायरीवर पाय न ठेवता एकदम दुसरीवर ठेवला.

मी तिथेच उभी राहिले. ती पायरी फुटली मार्चमध्ये. हे जिना उतरले नव्हते त्याच्या कितीतरी आधीपासून. मी ह्यांना तिच्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते, बोलायचं कशाला, जिना उतरणारच नव्हते ना!

आणि मग सगळं धडाधड कळलं. दगडासारखा टायर. कठड्यावरचे काळे हात. सीट. चपलांची धूळ. मी दुपारी झोपले की हा माणूस रोज जिना उतरत होता! चोर सोडून मी मास्तरांना फाशी देत होते.

"अहो," मी म्हटलं, "कधीपासून?"

पाठमोरेच म्हणाले, "चिमटा उलटा निघाला तेव्हापासून. म्हटलं, सायकल दिसली तर पायरीही दिसेल. मान वळवून उतरतो."

"मला का नाही सांगितलंत?"

"पडलो असतो तर? तू धरायला आली असतीस." आणि म्हणाले, "पडलोही दोनदा."

मी रागावले होते, रडत होते, हसतही होते, तिन्ही एकाच वेळी. बसण्याआधी ह्यांनी कॅरिअरखाली हात घातला, काहीतरी पत्र्याचं काढलं आणि खिशात टाकलं. मी विचारलं नाही. उशी बांधली, एक पाय पलीकडे टाकून बसले. बसून बसून वजन वाढलंय चांगलं, सायकल मागे बसलीच.

मी हँडल धरून उभी. "बसलात ना नीट? निघू?"

मागून आवाज आला, ट्रिंग. आणि लगेच दुसरा, ट्रिंग.

वळून पाहिलं. माझी चोरलेली घंटी ह्यांनी काल कधीतरी सीटखालच्या नळीवर बसवली होती, आपल्या हाताशी. मला बघायला मान बाजूला वळवली होती. "डबल बेल झाली," म्हणाले, "चालक झोपलाय का?"

निघाले मी. आधी हेलपाटले, मग सावरले. मास्तर दारात दूध घेऊन उभे होते. त्यांच्यासमोरून आम्ही डुलत डुलत गेलो. मी ओरडून म्हटलं, "मास्तर, कठड्याचं माझं चुकलं हो!" त्यांना काय कळलं असेल देव जाणे.

आवाज अजिबात आला नाही. ह्यांनी तसं गंभीरपणे जाहीर केलं, "गेला वाटतं." पुलाच्या चढावर दुसऱ्या खांबापाशी हे उतरले आणि कॅरिअरला हात लावून चालायला लागले, मी पुढे ढकलत. तेवढ्यात मागून बस आली. ह्यांच्या जुन्या मार्गाची. चालकाने ओळखलं. वेग कमी केला, हॉर्न दिला. मला वाटलं, आता हे मान खाली घालणार. ह्यांनी हात वर केला आणि ओरडले, "पुढे घे, पुढे घे! मागे गाड्या खोळंबतील!" चालक हसला आणि गेला. बस लांब जाईपर्यंत हे तिकडे कान देऊन उभे राहिले. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "तिसरा गिअर कुरकुरतोय त्याचा."

वर्गाची इमारत रविवारची बंद होती. ह्यांनी फाटक चाचपलं, कडी कुठे ते पाहिलं, फाटकापासून रस्त्यापर्यंत दोनदा चालून आले. दुसऱ्या खेपेला मला सोबत येऊ दिलं नाही. परतताना म्हणाले, "उद्या तुझी पाळी सुटली की जेवून निघू. उशीर नको पहिल्या दिवशी."

७ एप्रिल, सोमवार

आत्ताच जेवलो. ताटं घासून ठेवावी, केस विंचरावे, थोडं लिहावं म्हणून बसले. हे कधीच खाली गेलेत, उशी घेऊन, एकटे.

लिहायचं बरंच होतं. पण खालून घंटी वाजतेय. एकदा नाही, दोनदा.

आले हो, आले.